२०२० समोर कुणाचंच नाव नाही

केली कप जिंकणाऱ्या संघांची यादी इंटरनेटवर सहज सापडते. २०१९ समोर न्यूफाउंडलंड ग्रोलर्स. २०२१ समोर फोर्ट वेन कोमेट्स. २०२० समोर कुणीच नाही. ज्या लीगचा हा चषक, तिचा सीझनच १४ मार्च २०२० ला रद्द झाला. साठेक सामने झाले होते, डझनभर उरले होते, आणि मग प्लेऑफ. म्हणजे ज्याच्यासाठी पाच महिने धावपळ करायची, तेच उरलं होतं.

त्याच वर्षी आइस हॉकीचा दुसरा, मोठा चषक मात्र दिला गेला. स्टॅन्ली कप. टॅम्पा बे लायटनिंगनं तो सप्टेंबरच्या शेवटी एडमंटनच्या रिकाम्या स्टेडियममध्ये उचलला. खेळ तोच, विषाणूही तोच. एका लीगचा सीझन चार-साडेचार महिने थांबून पुन्हा सुरू झाला आणि संपला. दुसऱ्या लीगचा तुटला तो तुटलाच.

हा फरक मी पेपरात वाचला नाही. तो माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होता.

•••

आधी थोडं लीगबद्दल, कारण आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात आणि बर्फ म्हटलं की शिमला.

उत्तर अमेरिकेत व्यावसायिक आइस हॉकीची उतरंड आहे. सगळ्यात वर एनएचएल. तिथे २०१९-२० मध्ये ३१ संघ होते, करोडोंचे पगार, टीव्हीचे करार. त्याखाली एएचएल. त्याखाली ईसीएचएल, तिचे त्या वर्षी २६ संघ. १९८८ साली सुरू झाली तेव्हा तिचं नाव ईस्ट कोस्ट हॉकी लीग होतं. पुढे संघ अलास्कापर्यंत पोचले, मग नावातला 'ईस्ट कोस्ट' खोटा वाटायला लागला आणि नुसती अक्षरं उरली. चषकाला नाव दिलंय ते लीगच्या पहिल्या कमिशनरचं, पॅट्रिक केली यांचं.

या तिसऱ्या पायरीवर खेळणारी पोरं बहुतेक बावीस ते तीस वयाची. कुणी कॉलेजमधून आलेलं, कुणी कॅनडाच्या ज्युनियर हॉकीतून. प्रत्येकाच्या डोक्यात एकच फोन असतो: 'उद्या सकाळी वरच्या संघात हजर हो.' तो फोन आला की बॅग उचलायची, रात्रीतून गाडी हाकायची. दोन आठवड्यांनी तितक्याच सहजपणे परत पाठवतात.

पगार आठवड्याचा. नव्या खेळाडूला तेव्हा साधारण पाचशे डॉलरच्या आसपास मिळायचे. संघानं पगारावर आठवड्याला एकूण किती खर्च करायचा याची लीगनं घातलेली मर्यादा असते, त्यामुळे एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कमी होतं. राहायला जागा संघ देतो, म्हणजे कुठल्या तरी कॉम्प्लेक्समध्ये दोघा-तिघांत एक फ्लॅट. ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात ज्याचं त्यानं बघायचं. कुणी लहान मुलांना स्केटिंग शिकवतं, कुणी बांधकामावर जातं, कुणी बापाच्या शेतात.

हे गणित लक्षात ठेवा. सीझन संपतो त्या दिवशी पगार संपतो आणि राहतं घरही सोडावं लागतं.

•••

मी टोलीडोत पोचलो २०१८ च्या डिसेंबरात. पिंपरीच्या एका कंपनीकडून, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या तिथल्या एका कारखान्याच्या कामावर. टोलीडो म्हणजे ओहायो राज्याच्या वरच्या टोकाला, ईरी सरोवराच्या काठावरचं शहर. डेट्रॉइटहून गाडीनं तासाभरावर. काचेचं शहर म्हणून त्याची जुनी ओळख, आणि जीप गाड्यांचा कारखाना. आता दोन्हींतलं जुनं वैभव उरलेलं नाही. डाउनटाउनमध्ये संध्याकाळी सहानंतर माणूस शोधावा लागतो.

अपवाद सामन्याच्या दिवसाचा. हंटिंग्टन सेंटर नावाचं सात हजारांहून जास्त खुर्च्यांचं स्टेडियम तिथे २००९ मध्ये उभं राहिलं, आणि त्यात खेळतो तो टोलीडो वॉलाय हा संघ. वॉलाय हा मासा आहे. दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये तो अंडी घालायला सरोवरातून मॉमी नदीत चढतो आणि निम्मं गाव कमरेएवढ्या थंड पाण्यात गळ टाकून उभं राहतं. एखाद्या कोळीवाड्यानं आपल्या कबड्डी संघाचं नाव 'बोंबील' ठेवावं आणि अख्ख्या गावानं बोंबलाचं चित्र छातीवर मिरवावं, तसं.

मला कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं पहिल्यांदा नेलं. पहिल्या पिरियडमध्ये मला पक दिसलाच नाही. काळ्या रबराची ती चकती कुठे गेली हे मी लोकांच्या माना कुठे वळतात त्यावरून ओळखत होतो. पण खेळ न कळताही काही गोष्टी कळल्या. खेळाडू पाऊण मिनिट जीव तोडून पळतात आणि सामना चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून बाहेर येतात, दुसरे आत. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. मधल्या वेळात प्रेक्षक दोन-चार डॉलरला मऊ चकत्या विकत घेऊन बर्फावर फेकतात, मधोमध ज्याची पडेल त्याला बक्षीस. जर्सीचा लिलाव. एखाद्या दिवशी पहिला गोल झाला की सगळे टेडी बेअर फेकतात, ते गोळा करून मुलांच्या संस्थांना जातात. आजी-आजोबा बसलेत, तान्ही मुलं कानांवर मोठे हेडफोन लावून झोपलीत. मला ते सगळं ओळखीचं वाटलं. जत्रा होती ती. बर्फावरची.

त्या पहिल्याच हिवाळ्यात संघ थेट अंतिम फेरीत गेला. २०१९ च्या जूनमध्ये न्यूफाउंडलंडनं चार विरुद्ध दोननं हरवलं. ग्रोलर्सचा तर तो पहिलाच सीझन. टोलीडोनं यापूर्वी लीग जिंकली होती ती १९९३ आणि १९९४ मध्ये, तेव्हा संघही वेगळा होता आणि चषकाचं नावही. केली कप या गावानं पाहिलाच नव्हता. त्यामुळे पुढचा सीझन सुरू झाला तेव्हा दुकानात, गॅरेजमध्ये, न्हाव्याकडे एकच वाक्य ऐकू यायचं: यंदा आपला.

•••

२०१९ च्या ऑक्टोबरात माझ्या वरच्या फ्लॅटमध्ये दोन खेळाडू राहायला आले. त्यातल्या एकाशी ओळख झाली ती वासामुळे. जिन्यात त्याची हॉकीची बॅग वाळत होती. ज्यानं तो वास घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही, पण पावसाळ्यात आठवडाभर भिजलेले बूट आणि त्यात व्हिनेगर अशी कल्पना करा. मी वर गेलो तक्रार करायला. दार उघडलं त्यानं, समोरचा एक दात नसलेला, इतका ओशाळून हसला की मी स्वतःची ओळख करून देऊन खाली आलो.

सस्कॅचवानचा होता. कॅनडातला तो भाग म्हणजे गहू आणि आकाश, असं तो म्हणायचा. वय सव्वीस, बचावपटू, तिसरा सीझन. एकदाच वरच्या लीगमधून फोन आला होता, चार सामने खेळून परत. आमच्या टोलीडोतल्या मराठी मुलांच्या ग्रुपवर त्याचं नाव 'वरचा' पडलं. 'वरच्यानं आज मारामारी केली का?' असे मेसेज यायचे. त्याला पोहे आवडायचे, पण शेंगदाणे वेचून बाजूला ठेवायचा.

शुक्रवार, शनिवार, रविवार तीन दिवसांत तीन सामने, तेही वेगवेगळ्या गावांत, हे त्या लीगमध्ये नेहमीचं. रात्रभर बस. सोमवारी तो जिना चढताना कठडा धरून चढायचा. एकदा मी विचारलं, इतकं कशासाठी? त्यानं उलट मला विचारलं, तुझं इथलं काम किती दिवस? मी म्हटलं, कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरपर्यंत होतं, जूनपर्यंत वाढवलंय, पुढे क्लायंट ठरवेल. एच-वन-बी व्हिसा, नोकरी गेली की साठ दिवसांत काय ते बघायचं. तो हसला. म्हणाला, "म्हणजे तूपण ईसीएचएलमध्येच आहेस."

त्या वेळी मला तो विनोद वाटला होता.

•••

मार्चमधले ते चार दिवस मला वारांसकट आठवतात.

बुधवार, ११ तारीख. बास्केटबॉलच्या एनबीएनं सीझन थांबवला. गुरुवारी एनएचएल थांबली, एएचएल थांबली, ईसीएचएलही थांबली. त्याच दिवशी ओहायोच्या गव्हर्नरनी शंभर किंवा त्याहून जास्त माणसांच्या जमावावर बंदी आणली. सगळीकडे शब्द एकच होता: स्थगित. वरचा म्हणाला, दोन आठवडे, फार तर तीन. पाय बरे होतील तेवढेच. माझ्याकडे मार्चअखेरच्या एका सामन्याची दोन तिकिटं होती. मीही तेच म्हटलं.

शनिवारी ईसीएचएलनं सीझन रद्द केला. स्थगित नाही, रद्द.

एएचएलनं हा निर्णय घ्यायला ११ मे उजाडला. एनएचएलनं घेतलाच नाही. मधल्या काळात मी हा हिशोब पुष्कळदा केला, आणि तो अवघड नाही. एनएचएलकडे टीव्हीचा पैसा आहे. प्रेक्षक नसले तरी सामना विकला जातो. म्हणून त्यांना टोरांटो आणि एडमंटन या दोन शहरांत बंद हॉटेलं, रोजच्या चाचण्या, सगळा बुडबुडा उभा करता आला. ईसीएचएलचा पैसा येतो तो दारावरच्या तिकिटातून, बिअरच्या ग्लासातून, पार्किंगमधून, कठड्यावरच्या स्थानिक गॅरेजच्या जाहिरातीतून. रिकाम्या स्टेडियममध्ये सामना भरवायचा म्हणजे बर्फ गोठवण्याचं वीजबिल स्वतःच्या खिशातून भरायचं. थांबून राहणं हीसुद्धा महाग गोष्ट आहे. वाट बघायला पैसे लागतात.

यातली आणखी एक गंमत टोलीडोवाल्यांना झोंबायची. वॉलाय ज्यांच्या पंखाखाली आहे ते डेट्रॉइट रेड विंग्ज त्या वर्षी एनएचएलमध्ये सगळ्यांत शेवटी होते. पुन्हा खेळायला बोलावलेल्या २४ संघांत ते नव्हतेच. पण त्यांच्या खेळाडूंचे करार होते, वर्षांचे, लाखोंचे. हरूनही सीझन नीट संपला त्यांचा. आमच्या खालच्या लीगमध्ये साउथ कॅरोलायना स्टिंगरेज सगळ्यात वर होते. त्यांना साखळीतल्या अव्वल क्रमांकाचा मान मिळाला, पण तो पुढे घेऊन जायला प्लेऑफच उरले नाहीत.

शनिवारी दुपारी वरचा सामान खाली आणत होता. फ्लॅट रिकामा करायचा होता. सीमा बंद होणार अशी कुजबुज होती, आणि २१ मार्चपासून अमेरिका-कॅनडा सीमा अनावश्यक प्रवासाला बंद झालीही. त्याला दोन दिवसांची गाडी चालवायची होती. तो रडला वगैरे नाही. वाद घातला तो फक्त फ्रीजरवरून. त्यात चिकन होतं, गोठवलेल्या ब्लूबेरी होत्या, आणि त्याला ते फेकायचं नव्हतं. तीन पिशव्या माझ्या हातात दिल्या. अंडी दिली. प्रोटीन पावडरचा बादलीएवढा डबा दिला. मग डिकी बंद होईना म्हणून स्टिक मागच्या सीटवर आडव्या टाकल्या आणि म्हणाला, "ऑक्टोबरात भेटू."

हात मिळवायचा की नाही, हे त्या आठवड्यात कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही कोपराला कोपर लावलं.

त्या रविवारी मी नदीवर गेलो. वॉलाय चढले होते. माणसं पाण्यात उभी होती, एकमेकांपासून नेहमीपेक्षा लांब.

•••

पुढच्या आठवड्यात गाड्यांचे कारखाने बंद झाले. जीपचा झाला, मग आमचाही. मला घरी बसून काम, मग आठवड्याला वीस तास काम, मग एका सकाळी व्हिडिओ कॉल. वरच्याचा तो विनोद मला त्या कॉलवर आठवला. साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळण्यासारखं तेव्हा काही नव्हतं. जूनमध्ये मी शिकागोहून वंदे भारतच्या विमानानं मुंबईला आलो आणि क्वारंटाइन संपवून नारायणगावला, घरी.

नारायणगाव म्हटलं की जाणकारांना तमाशा आठवतो. विठाबाईंचं गाव. दर वर्षी पाडव्याच्या सुमारास आमच्याकडे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं येतात, पथाऱ्यांवर बसून घासाघीस होते, सुपारी ठरते. लहानपणी आजोबांचं बोट धरून मी त्या राहुट्यांमधून हिंडलोय. फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास परततो. पण वर्षाची खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या यात्रांची. आधीचे महिने कसेबसे निभवायचे ते याच दोन महिन्यांच्या भरवशावर. मालक कलाकारांना आधी उचल देतो, ती उचल द्यायला स्वतः व्याजानं पैसे काढतो.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता. देशभरच्या लॉकडाऊनचा पहिला दिवस.

मी गावात पोचलो तेव्हा आजोबांच्या ओळखीचे एक जुने ढोलकीवाले भेटले. मी विचारलं, कसं चाललंय? म्हणाले, "सीझन मोडला बाबा." तमाशातली माणसंही 'सीझन'च म्हणतात. मी त्यांना वरच्याची गोष्ट सांगितली. बर्फ, चकती, दात, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: "त्याची उचल किती होती?"

मी म्हटलं, उचल नसते तिकडे. आठवड्याचा पगार.

"मग बरंय," ते म्हणाले. "फेडायचं तरी नाही."

दोन्हीकडचं दुःख सारखं, असं लिहायचा मोह होतो, पण ते खरं नाही. वरच्याला कॅनडा सरकारकडून दर चार आठवड्यांना दोन हजार डॉलरची मदत मिळत होती. खेळाडूंची संघटना आणि लीग यांनी मिळून मदतनिधीही काढला. ढोलकीवाल्यांच्या मागे व्याज होतं. सारखं होतं ते एवढंच, की दोघांचाही सीझन ऐन भरात असताना तुटला. प्लेऑफ म्हणजे टोलीडोच्या चैत्रातल्या यात्रा. खर्च आधी झालेला असतो, वसुली नंतर असते, आणि घाव बरोबर मधे बसला.

•••

ऑक्टोबरात भेटू, असं तो म्हणाला होता. ऑक्टोबर आला आणि गेला. २०२०-२१ चा सीझन लीगनं उशिरा सुरू केला, पण बरेच संघ उतरलेच नाहीत. टोलीडोही नाही. अखेर १४ संघांत तो सीझन झाला. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनचा संघ तर फेब्रुवारी २०२१ मध्ये कायमचा बंद पडला. म्हणजे ब्रॅम्प्टन बीस्टच्या खेळाडूंनी मार्च २०२० मध्ये जो सामना खेळला तो त्या संघाचा शेवटचा होता, आणि त्या रात्री बर्फावरच्या एकालाही ते माहीत नव्हतं.

मी त्या वर्षी वरच्याला अधूनमधून मेसेज करायचो. पहिल्या उन्हाळ्यात तो रोज पळत होता, धान्याच्या कोठारात वजनं उचलत होता. दुसऱ्या उन्हाळ्यात वायरमनच्या कामाचं प्रशिक्षण घेत होता. मी सरळ विचारलं, रिटायर झालास का? बऱ्याच वेळानं उत्तर आलं. रिटायर मी झालोच नाही, असं त्यानं लिहिलं होतं. पुढच्या सरावाला कुणी बोलावलं नाही, इतकंच.

मोठे खेळाडू निवृत्त होतात तेव्हा भाषण होतं, बायको-मुलं बर्फावर येतात, जर्सी छताला टांगतात. लहान लीगमधला माणूस तसाही गाजावाजा न होता संपतो. पण निदान एक शेवटचा सामना असतो. कधी तरी एप्रिलमध्ये हरलो, घाम पुसला, पोरांना मिठी मारली, बस्स झालं असं ठरवलं. २०२० नं शेकडो पोरांकडून ते ठरवणंही काढून घेतलं. त्यांच्या नावापुढचे आकडे एका साध्या मार्चच्या आठवड्यात थांबतात. ते पाहून कुणाला वाटेल, दुखापत झाली असेल. कुणाला वाटेल, दमला असेल.

टोलीडोचा संघ २०२१ च्या हिवाळ्यापूर्वी परत बर्फावर आला. त्याच सीझनमध्ये, २०२२ च्या उन्हाळ्यात, तो पुन्हा अंतिम फेरीत पोचला आणि फ्लोरिडाकडून हरला. मी तेव्हा पुण्यात नव्या नोकरीवर होतो. तिकडे संध्याकाळी सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे पावणेपाच वाजलेले असतात. फोनवर आवाज बंद करून बघत होतो. आई आली होती राहायला. चहा ठेवता ठेवता तिनं विचारलं, यातला तुझा तो पोहेवाला कोणता?

म्हटलं, तो नाही आता यात.

"मग कोणासाठी बघतोस?"

मी फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि तिला पक कुठे आहे ते दाखवायला लागलो. तिलाही तो दिसत नव्हता. म्हटलं, माना कुठे वळतात ते बघ. दुसरा पिरियड संपेपर्यंत ती बघत बसली.